शीर्षकपानावरचं दुसरं नाव

‘भक्तलीलामृता’चं जुनं इंग्रजी भाषांतर ज्याला पुरतं हवं असेल, त्याला तीन पुस्तकं शोधावी लागतात. 13 ते 24 हे एकनाथांचे अध्याय 1927 साली निघालेल्या ‘एकनाथ’ या पुस्तकात आहेत. 25 ते 40 हे तुकोबांचे अध्याय 1930 च्या ‘तुकाराम’मध्ये. उरलेले, म्हणजे आरंभीचे 12 आणि अखेरचे 11, यायला 1935 उजाडलं. ते ‘नेक्टर फ्रॉम इंडियन सेंट्स’ या पुस्तकात आहेत. तिन्ही पुस्तकं ‘पोएट सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ या एकाच मालिकेतली, तिन्ही पुण्यात निघालेली. पण एका जागी, एका फडताळात ती मला कधी भेटली नाहीत. ‘तुकाराम’ त्यातल्या त्यात लवकर सापडतो. ‘एकनाथा’ला वेळ लागतो. ‘नेक्टर’चं नाव काढलं की जुन्या पुस्तकांचा विक्रेता आधी मान हलवतो आणि मग विचारतो, ‘हे कशाबद्दल आहे?’

हे आहे आमच्याबद्दल. ज्या ग्रंथाचे हे तीन तुकडे झाले, तो राहुरी तालुक्यात लिहिला गेला.

राहुरी म्हटलं की लोकांना मुळा धरण आठवतं, ऊस आठवतो, कृषी विद्यापीठ आठवतं, शिंगणापूरला वळणारी वाट आठवते. तालुक्याच्या पश्चिम अंगाला डोंगराकडे सरकत गेलं की ताहराबाद लागतं. तिथे महिपती राहिले, 1715 ते 1790. गावचं कुलकर्णीपण त्यांच्या घराकडे होतं. पूजेला बसलेले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलावणं घेऊन आला आणि लागेल असं बोलला. महिपती उठून गेले, काम हातावेगळं केलं, घरी परतले आणि ठरवलं की ही लेखणी यापुढे चाकरीसाठी चालायची नाही, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. त्या लेखणीने पुढे संत लिहिले. 1757 साली ‘संतलीलामृत’, 1762 साली ‘भक्तविजय’, 1774 साली ‘भक्तलीलामृत’, आणि अपुरा राहिलेला ‘संतविजय’. एकट्या ‘भक्तविजया’चे 57 अध्याय आहेत. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत माणसांना नामदेव, गोरोबा, चोखोबा, जनाबाई, कान्होपात्रा ज्या रूपात ठाऊक आहेत, ते रूप पुष्कळसं ताहराबादला घडलं. चावडीवरच्या पोथीपासून प्रभातच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’पर्यंत त्याची सावली पोचलेली दिसते.

महिपती स्वतः मात्र हे माझं म्हणून सांगत नाहीत. ‘भक्तविजया’च्या आरंभीच ते दोन नावं घेतात: उत्तरेकडचे नाभाजी, ज्यांनी भक्तांची चरित्रं आपल्या देशभाषेत लिहिली, आणि माणदेशातले उद्धवचिद्घन, ज्यांनी ती मराठीत गायली. या दोघांच्या ग्रंथांचा मेळ घालून आपण हा ग्रंथ रचतो आहोत, असं ते श्रोत्यांना सांगून टाकतात. कबीर, मीराबाई, नरसी मेहता, रोहिदास ही माणसं घाट ओलांडून आमच्या डोंगराच्या कुशीतल्या गावात आली ती या दोघांचा हात धरून. मला महिपतींचा मोठेपणा सगळ्यात आधी तिथे जाणवतो. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव पहिल्या अध्यायात, सगळ्यांना ऐकू जाईल असं घ्यायचं. त्यांच्या काळी असं नाव न घेता निभलं असतं. कोणी जाब विचारायला येणार नव्हतं.

मराठी ग्रंथांची जुनी इंग्रजी भाषांतरं मी जमवतो ती या नावांच्या ओढीने. पुस्तक हातात आलं की मी आधी शीर्षकपान उघडतो आणि तिथे दुसरं नाव आहे का ते पाहतो. साहेबाच्या नावाशेजारी किंवा खाली, थोड्या बारीक टाइपात, एखादं मराठी नाव. जिथे असं नाव आहे ते पुस्तक मला जास्त मोलाचं वाटतं. जिथे असायला हवं होतं आणि नाही, तिथे मी प्रस्तावना ओळ न् ओळ चाळतो.

या छंदातले मातब्बर गडी दूरदेशी आहेत. स्पॅनिश भाषेतल्या थोर जुन्या ग्रंथांची पहिली इंग्रजी भाषांतरं शोधण्यात त्यांची हयात जाते. डेव्हिड रोलंडने केलेला ‘लाझारिओ’, 1586 चा. जेम्स मॅबने केलेली दोन पुस्तकं, 1622 आणि 1631 ची. आणि या साऱ्यांच्या माथ्यावर ‘डॉन क्विक्झोट’चं पहिलं भाषांतर: टॉमस शेल्टनचं, 1612 साली लंडनला निघालेलं. मूळ पुस्तकाचा पहिला भाग 1605 चा, त्यामुळे त्याचा लेखक सर्व्हांतेस हयात असतानाच त्याचा सरदार इंग्रजी बोलू लागला होता. शेल्टनने ब्रसेल्सला 1607 साली छापलेली स्पॅनिश प्रत समोर ठेवली आणि काम चाळीस दिवसांत उरकलं, असं त्याने अर्पणपत्रिकेत स्वतःच लिहून ठेवलं आहे. घाईमुळे चुका झाल्या. नंतर कितीतरी जाणत्यांनी ते पुस्तक पुन्हा भाषांतरित केलं, जास्त अचूक, जास्त काळजीने. तरी संग्राहकाला शेल्टनच हवा असतो. कारण त्या चाळीस दिवसांत, त्याच काळातला एक माणूस, अजून कोणी थोर म्हणून न ठरवलेलं एक नवंकोरं पुस्तक पहिल्यांदा दुसऱ्या भाषेत वाचत होता. नंतरच्या भाषांतरकारांना आपण अभिजात ग्रंथाला हात घालतो आहोत हे माहीत होतं. शेल्टनला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

सर्व्हांतेसने आपल्या पुस्तकातच एक भाषांतरकार रंगवला आहे, आणि तो मला शेल्टनपेक्षाही जास्त आठवतो. पहिल्या भागाच्या आठव्या अध्यायाच्या अखेरीस गोष्ट मध्येच तुटते. तलवारी उगारलेल्या, आणि पुढचा मजकूर नाही. मग नवव्या अध्यायात निवेदक सांगतो की तोलेदोच्या बाजारात एक पोरगा रेशमाच्या व्यापाऱ्याला जुनी बाडं विकायला आला होता. रद्दीच ती. बाडं अरबीत. निवेदकाला अरबी येत नाही, म्हणून तो तिथलाच एक मोरिस्को शोधतो, म्हणजे पूर्वीच्या मुसलमान घराण्यातला, बाटवून ख्रिस्ती केलेला माणूस. तो मधलंच थोडं वाचून हसतो, आणि निवेदकाला कळतं की गोष्टीचा हरवलेला धागा हातात आला. मग करार होतो. मजुरी म्हणून मनुका आणि गहू. निवेदक त्याला घरीच ठेवून घेतो आणि दीड महिन्यात सगळं भाषांतर पुरं होतं. तिथून पुढची हजारभर पानं, कथेच्या हिशेबाने, त्या माणसाच्या तोंडून आलेली. त्याला नाव नाही. ही सगळी रचना काल्पनिक आहे, हे ठाऊक असूनही तो गहू-मनुकांवर राबलेला माणूस माझ्या मनातून जात नाही. सर्व्हांतेसने लिहिलं त्याच सुमारास, 1609 पासून, मोरिस्को लोकांना स्पेनमधून हाकलायला सुरुवात झाली होती.

शेल्टनचं पुस्तक लंडनला छापलं जात होतं तेव्हा एक इंग्रज माणूस साष्टीत बसून मराठी ओव्या लिहीत होता. फादर टॉमस स्टीफन्स. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं, सर्व्हांतेस वारला त्याच वर्षी. पुढे 1649 आणि 1654 साली पुन्हा छापलं. या तिन्ही छापांपैकी एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही. पुस्तक जगलं ते हातांनी नकलून घेतलेल्या बाडांत, आणि 1907 साली मंगळूरला सालढाणांनी त्यावरून ते पुन्हा छापलं. छापलेलं सगळं गेलं आणि हाताने उतरवलेलं उरलं! संग्राहकाने हे सतत ध्यानात ठेवावं असं मला वाटतं.

आणि इथे धागा पुन्हा राहुरीकडे वळतो. छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीतलं होतं. लंडनमध्ये मार्सडेन नावाच्या एका संग्राहकाच्या जुन्या संग्रहात देवनागरीतलं एक हस्तलिखित पडून होतं. ते ओळखून 1923 साली त्यावर लेख लिहिला तो जस्टिन ॲबट यांनी. ‘भक्तलीलामृता’चे तीन तुकडे ज्यांच्यामुळे इंग्रजीत आले, तेच हे ॲबट.

जस्टिन एडवर्ड्स ॲबट अमेरिकन मराठी मिशनचे. जन्म 1853 चा. वडील अमोस ॲबट याच मिशनचे, 1834 पासून नगरला काम केलेले. मुलगा 1881 ते 1910 मुंबईत मिशनरी होता. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला त्या कहाणीतही ॲबट भेटतात. नंतर ते अमेरिकेत न्यू जर्सीतल्या समिट नावाच्या गावी जाऊन राहिले, आणि साठीच्या पुढे, जेव्हा माणसं आवराआवर करतात तेव्हा, त्यांनी मराठी संतांच्या भाषांतराची मालिका मनावर घेतली. 1926 साली ‘भानुदास’. मग ‘एकनाथ’. 1928 साली ‘भिक्षुगीता’ आणि ‘दासोपंत दिगंबर’. 1929 साली ‘बहिणाबाई’ आणि ‘स्तोत्रमाला’. मग ‘तुकाराम’, मग 1932 साली ‘रामदास’. त्याच साली ते वारले. ‘भक्तविजय’ दोन भागांत ‘स्टोरीज ऑफ इंडियन सेंट्स’ म्हणून 1933 आणि 1934 साली आला, म्हणजे त्यांच्या मागून. पुण्यातल्या जे. एफ. एडवर्ड्स यांनी मालिका पुढे नेली आणि 1941 साली ज्ञानेश्वरांवरचं आपलं पुस्तक बारावं म्हणून जोडलं.

यातली किती पुस्तकं ताहराबादहून निघाली ते पाहा. ‘भानुदास’ ‘भक्तविजया’तून, ‘एकनाथ’, ‘तुकाराम’ आणि ‘नेक्टर’ ‘भक्तलीलामृता’तून, ‘रामदास’ ‘संतविजया’तून, आणि ‘स्टोरीज’चे दोन्ही भाग म्हणजे अख्खा ‘भक्तविजय’. मालिकेच्या नावात महाराष्ट्र आहे. तिचा कणा आमच्या तालुक्यातला आहे. राहुरीत हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ते ठाऊक व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आता ते दुसरं नाव. ‘स्टोरीज’च्या आणि ‘नेक्टर’च्या शीर्षकपानावर ॲबटांच्या जोडीला पंडित नरहर गोडबोले यांचं नाव आहे. समिटमधल्या घरात बसलेला म्हातारा अमेरिकन आणि हे पंडित, अशा दोघांनी मिळून महिपतींच्या हजारो ओव्या ओलांडल्या. ॲबटांचं मराठी उत्तम होतंच. पण अठराव्या शतकातल्या कुलकर्ण्याची ओवी म्हणजे केवळ भाषा नव्हे. एखाद्या अध्यायात कुठल्या पुराणातल्या कुठल्या प्रसंगाकडे बोट आहे, कीर्तनात तो प्रसंग कसा रंगवतात, नैवेद्याच्या ताटात काय काय असतं, दिंडीत कोण कुठे चालतं, हे ज्याच्या अंगवळणी आहे असा माणूस शेजारी लागतो. मी मूळ पोथी आणि इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून वाचतो तेव्हा जिथे अर्थ सरळ, अडखळ न होता पार पडलेला दिसतो, तिथे मला पंडितांचा हात दिसतो. हा माझा तर्क आहे, पण तो नुसत्या प्रेमातून केलेला नाही. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला अशी ठिकाणं ओळखू येतात.

ॲबटांची रीत मला फार आवडते. त्यांनी ओवीला इंग्रजी पद्याचा पोशाख घातला नाही. सरळ गद्य केलं, आणि वाक्यांच्या मध्ये ओव्यांचे आकडे ठेवले. त्यामुळे आजही कोणी ‘भक्तविजय’ मांडीवर घेऊन इंग्रजीच्या बरोबरीने चालू शकतो; कुठे काय सुटलं, कुठे काय भरलं, लगेच कळतं. भाषांतरकाराने आपली चूक धरण्याची सोय वाचकाच्या हातात देणं हे धैर्याचं काम आहे. दुसरं असं, की मिशनरी असूनही ते कथेच्या मध्ये उभे राहून वाद घालत नाहीत. गोरोबांच्या पायाखाली मूल तुडवलं जातं, सेना न्हाव्याऐवजी विठ्ठल काखेला धोकटी मारून राजाच्या वाड्यात जातो, कान्होपात्रा देवाच्या पायांशी देह ठेवते. ज्याचा धर्म वेगळा, ज्याने त्या धर्मासाठी उमेदीची वर्षं घातली, तो माणूस हे सगळं महिपतींच्या शब्दाला शब्द लावत सांगून जातो. एवढा आदर आपल्याकडच्याही सगळ्या संपादकांनी महिपतींना दिलेला नाही. आपल्या इतिहासकारांनी तर त्यांना चमत्कार सांगणारे म्हणून बाजूला सारलं. सनावळीसाठी ते ठीक असेल. पण अडीचशे वर्षांपूर्वीचं गाव भक्ताकडे कसं पाहत होतं, हे विचारायचं असेल तर महिपतींइतका जवळचा साक्षीदार मला दुसरा दिसत नाही.

दुसऱ्या नावांची माझी यादी एवढ्यावर थांबत नाही. तुकोबांचे अभंग इंग्रजीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात आले ते जे. नेल्सन फ्रेझर आणि के. बी. मराठे यांच्या तीन खंडांत, 1909 ते 1915 या काळात, मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीकडून. इथे मराठ्यांचं नाव साहेबाच्या बरोबरीने आहे. अभंग मात्र विषयवार नव्याने लावलेले, त्यामुळे आपल्या गाथेतला क्रमांक घेऊन तिथे शोधायला गेलात तर फेऱ्या माराव्या लागतात. खंड वेगवेगळ्या वर्षी निघाल्यामुळे सुट्टेच हाती येतात, आणि त्यांचा जोड लावणं हे या छंदातलं सगळ्यात चिवट काम आहे.

उलट उदाहरण पोवाड्यांचं. हॅरी ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते; वडाळ्याचं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय त्यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मिळून पोवाडे जमवले. 1891 साली त्यांचं मराठी पुस्तक निघालं त्यावर दोघांची नावं आहेत. 1894 साली लंडनला ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ निघालं ते ॲकवर्थांच्या एकट्याच्या नावाने. इंग्रजी पद्यरचना त्यांची होती, हे खरं. पण पोवाडे शोधणं, ते गाणाऱ्यांकडून उतरवून घेणं, पाठभेद लावणं यात शाळिग्राम नसते तर ॲकवर्थांपुढे इंग्रजी करायला उरलं असतं काय? ही दोन पुस्तकं मी मुद्दाम एकमेकांना खेटून ठेवली आहेत. इंग्रजीकडे हात गेला की मराठी सोबत निघतं.

चार्ल्स किंकेड यांचं 1919 सालचं ‘टेल्स ऑफ द सेंट्स ऑफ पंढरपूर’ ही छोटी गोड चोपडी आहे, पण ते भाषांतर म्हणता येत नाही; गोष्टी त्यांनी आपल्या शब्दांत सांगितल्या. मरे मिचेल यांनी 1849 साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तुकोबांची कथा इंग्रजीत दिली, ती मात्र माझ्या लेखी या सगळ्याचा उगम. निकल मॅकनिकल यांचं 1919 चं ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’ आकाराने लहान, पण अभंगाचा श्वास त्यात इतर अनेकांपेक्षा बरा टिकला आहे. आणि 1826 सालचा ‘पांडुरंग हरी’ मी संग्रहात ठेवत नाही. हॉकले नावाच्या मुंबई इलाख्यातल्या माजी अंमलदाराने एका हिंदूच्या आठवणी म्हणून तो लंडनला छापला. वळण स्पॅनिश भामट्यांच्या कादंबऱ्यांसारखं, वाचायला रंगतदार. पण त्यामागे मराठी पोथी नाही, शेजारी बसलेला मराठी माणूस नाही. तोलेदोच्या मोरिस्कोइतकाही नाही.

राहुरीचं म्हणून एक पुस्तक मात्र कपाटात अगदी समोर आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला राहुरी ओळखीची असते. त्यांच्या संसाराचा एक मोठा, वळणाचा काळ इथे गेला. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने मराठीत आली. जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेलं भाषांतर 1950 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने काढलं. लक्ष्मीबाई 1936 सालीच गेल्या होत्या. शांता गोखले यांचं 2017 चं भाषांतर माझ्या मते कितीतरी सरस आहे. लक्ष्मीबाईंचा ठसका, त्यांचं एका वाक्यात हसवून पुढच्या वाक्यात गप्प करणं, हे त्यात जिवंत उतरलं. तरीही इंक्स्टरबाईंची प्रत मी देणार नाही. 1950 साली परदेशात बसलेल्या कोणा वाचकाने राहुरीचं नाव पहिल्यांदा वाचलं असेल तर ते याच पानांवर.

ही पुस्तकं येतात कुठून, असं लोक विचारतात. काही मुंबईच्या फोर्टातल्या पदपथांवरून, काही पुण्याच्या जुन्या बाजारातून, आणि बरीचशी आता समुद्रापलीकडून. अमेरिकेतली धर्मशिक्षणाची महाविद्यालयं जागा होईना म्हणून जुनी पुस्तकं काढून टाकतात. ती विक्रेत्यांच्या हाती जातात आणि टपालाने राहुरीला येतात. माझ्या ‘एकनाथा’वर अशाच एका ग्रंथालयाचा शिक्का आहे आणि त्याखाली पुस्तक यादीतून काढल्याचा दुसरा शिक्का. आत देय तारखांचा कागद चिकटवलेला, बहुतेक कोरा. ताहराबादला महिपतींनी लिहिलेले एकनाथ पुण्यात इंग्रजीत छापले गेले, अमेरिकेत जाऊन अनेक दशकं एका फळीवर उभे राहिले, आणि महिपतींच्याच तालुक्यात परत आले. वाटेत त्यांना किती जणांनी उघडलं असेल, कोण जाणे. काही पानांच्या कडा अजून कापलेल्या नव्हत्या. त्या मी सुरी लावून जपून सोडवल्या आणि मग वाचत गेलो, एकेका ओवीच्या आकड्यावर बोट ठेवून.

दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांनी या मालिकेतली काही पुस्तकं 1980 च्या दशकात पुन्हा छापली. ‘बहिणाबाई’ 1985 साली ॲन फेल्डहाउस यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा निघालं. वाचायचं असेल तर ही पुनर्मुद्रणं उत्तम, आणि ज्याला नुसतं वाचायचं आहे त्याने जुन्या प्रतींवर पैसे घालू नयेत असंच मी सांगतो. जुनी प्रत हवी ती वेगळ्या कारणाने. तिच्यात मागे छापलेल्या मालिकेच्या जाहिराती असतात, कोणाकोणाचे आभार असतात, समासात कोणी पेन्सिलीने ‘हे चुकलं’ असं मराठीत लिहिलेलं असतं, पहिल्या कोऱ्या पानावर नाव आणि गाव असतं. पुन्हा छापताना या गोष्टी गळतात. गोडबोल्यांसारख्या, मराठ्यांसारख्या माणसांचा माग लागला तर तो अशाच गळणाऱ्या जागी लागेल.

म्हणून नगर जिल्ह्यातल्या, आणि विशेष करून राहुरी, वडाळा, संगमनेर या बाजूच्या जुन्या घरांना माझी विनंती आहे. मिशनच्या शाळांत शिकवलेले आजोबा, बायबलवाली बाई म्हणून गावोगाव फिरलेली आजी, कीर्तनकार पणजोबा यांच्या पेट्या अजून माळ्यावर असतील. इंग्रजी पुस्तक दिसलं, कोणाला नको असलं, कसर लागली असली, तरी ते वजनावर देऊ नका. मला ‘भिक्षुगीता’ अजून मिळालेली नाही. ‘दासोपंत दिगंबर’ मिळाली ती शेवटची पानं फाटलेली. पण त्याहून मोठी आस वेगळी आहे. पंडित नरहर गोडबोल्यांच्या हातचं काही, एखादं पत्र, ओव्यांच्या अर्थांची वही, ॲबटांना धाडलेल्या पानांची नक्कल, कुठल्या तरी पेटीच्या तळाशी असू शकतं. वही मराठीत असेल, वर कदाचित नावही नसेल, आणि ओळखीची खूण एवढीच: ओव्यांचे आकडे आणि त्यांच्यापुढे सोप्या मराठीत लिहिलेला अर्थ. असं काही दिसलं तर पानं सुटी करू नका, दोरा तोडू नका, आणि सगळ्यात आधी पहिलं पान पाहा.